भूकंप आणि आपली घरे

श्रोतेहो, रात्री जमीन हलली, फळीवरची भांडी खणखणली, की सकाळी आमच्या वणीच्या पारावर पहिला प्रश्न येतो, "किती रिश्टरचा होता हो?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

दोन उदाहरणे घ्या. 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनानगर हादरले, 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी. दोन्ही धक्के सहा रिश्टरहून थोडे अधिक, दोन्ही पहाटेचे, माणसे झोपेत असतानाचे. कोयनेत पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. किल्लारीच्या परिसरात आठ ते दहा हजार. एवढे अंतर कसे पडले?

पहिले कारण वस्तीचे. कोयनेकडे डोंगर आणि विरळ वाड्या. किल्लारीकडे दाट गावे. दुसरे कारण घरांचे. तिकडे दोन-तीन फूट रुंद दगडी भिंती, पण दगड मातीत बसवलेले. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवणारे लांब दगड नव्हते. वर मातीचे माळवद. ऊन लागू नये, गळू नये म्हणून त्यावर दरसाल माती टाकायची. यात अडाणीपणा नव्हता. उन्हाळ्यात ते घर थंड राही. परंतु जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर सुटले आणि छपराचा सारा भार निजलेल्या माणसांवर आला.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. धक्क्याचा उगम जमिनीत जितका उथळ आणि गावाजवळ, तितका हादरा जोराचा. आणि खडकावरचे घर कमी हलते, मऊ मातीच्या जाड थरावरचे जास्त. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत मजली इमारती कोसळल्या. तिथे नदीच्या गाळाची जमीन आणि बांधकामातले दोष, दोन्ही नडले.

उगम किंवा जमीन आपल्या हाती नाही; भिंत मात्र आहे. दगडी घर बांधाल तर उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड घाला, कोपरे एकमेकांत गुंतवा, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा द्या आणि छप्पर हलके ठेवा. घर जुने असेल तर निदान छपरावरची जादा माती जाणत्या गवंड्याच्या सल्ल्याने उतरवा.

शिक्षक बंधु-भगिनींनो, उद्या मुलांना घेऊन शाळेच्या भिंतींभोवती एक फेरी मारा. कुठे भेग आहे, कुठे पोट आले आहे, ते मुलांनाच शोधू द्या. घरी गेल्यावर ती आपल्याही भिंती पाहतील.