दारूचा दोष कोणाच्या माथी?



कामगाराच्या व्यसनाची चर्चा निघाली की ती बहुधा त्याच्या स्वभावापाशी येऊन थांबते. तो जेथे राबतो त्या जागेची चौकशी सहसा कोणी करीत नाही. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचे उदाहरण घ्यावे. मैला अंगाला लागतो, दुर्गंधीने जीव कासावीस होतो आणि हे काम जातीने माथी मारलेले असते. उतरण्यापूर्वी दारू घेतल्यावाचून ते होत नाही, असे अनेक कामगार सांगत आले आहेत. येथे दारू ही चैन नव्हे. यंत्र आणि संरक्षक साधने यांच्या जागी आलेली ती स्वस्त वस्तू आहे.

वरिष्ठांना हे ठाऊक असते. काम उरकते म्हणून काणाडोळा होतो. तोच कामगार उद्या गुदमरून मेला, तर 'प्यायलेला होता' एवढा शेरा जबाबदारी झटकण्यास पुरतो. एकाच दारूचा असा दोनदा उपयोग करून घेतला जातो.

मात्र दारू संरक्षण देत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गटारातील हायड्रोजन सल्फाइड वायू अधिक प्रमाणात असला की घ्राणशक्तीच बधिर करतो. त्यात नशेने सावधपणाही गेला, तर धोक्याची सूचना उरतच नाही.

२०१३ च्या कायद्याने गटारांच्या धोकादायक सफाईवर बंदी घातली. मृतांच्या वारसांना द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये ठरविली आणि २०२३ साली ३० लाखांवर नेली. परंतु भरपाई मृत्यूनंतरची. व्यसन जिवंतपणीच घर पोखरते.

इंग्लंडात १८८३ साली गुत्त्यात मजुरी वाटण्यास कायद्याने मनाई झाली. केवळ उपदेश न करता तेथे कामाची रीत बदलण्यात आली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९९५ च्या आचारसंहितेनेही व्यसनाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावे असे सांगितले.

तेव्हा कामगार संघटनांनी व्यसनावर पांघरूण घालू नये आणि व्यसनी सभासदाला वाऱ्यावरही सोडू नये. यंत्राने सफाई, कामानंतर अंघोळीची सोय, कंत्राटाऐवजी कायम नोकरी आणि नोकरी राखून उपचार, या मागण्या वेतनवाढीच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडल्या पाहिजेत. माणसाला शुद्धीवर राहून करता येणार नाही असे काम त्याच्याकडून करून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.