गल्ल्यापलीकडची दिवाळी



वसुबारस जवळ आली की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, दादरच्या रानडे रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. या गर्दीचा मोठा वाटा हल्ली मोठ्या दालनांत, बिलाच्या काउंटरसमोर तिष्ठत असतो. उटणे, पणत्या, रवा, तेलाचे डबे, आकाशकंदील यांनी भरलेल्या ट्रॉल्या ढकलीत कुटुंबेच्या कुटुंबे रांगेत उभी असतात. सण मांगल्याचा, परंतु त्या रांगेत मांगल्याचा मागमूसही पुष्कळदा आढळत नाही.

काउंटरपलीकडे बहुधा विशी-बाविशीतील एखादी मुलगी उभी असते. सकाळपासून एकेक वस्तू यंत्रासमोर धरून तिचे हात भरून आलेले असतात. एखाद्या वस्तूची फलकावरील किंमत आणि संगणकातील किंमत जुळत नाही. ती किंमत तिने ठरविलेली नसते, सवलतीचा फलकही तिने लावलेला नसतो. तरीही सुशिक्षित घरातील गृहस्थांचा चढलेला आवाज तिलाच ऐकावा लागतो. तिला उलट बोलण्याची मुभा नाही, हे त्या गृहस्थांना पुरते ठाऊक असते. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर आवाज चढविण्यात कसला आला पुरुषार्थ? शेजारी उभे असलेले त्यांचे आठ-दहा वर्षांचे मूल हे सारे टक लावून पाहत असते. त्या एका मिनिटात त्याच्यावर जो संस्कार घडतो, तो पुसायला संस्कारवर्गाचे वर्षही अपुरे पडेल.

याचा अर्थ ग्राहकाने फसवणूक निमूट सोसावी, असा मुळीच नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि पुढे त्याची जागा २०१९च्या कायद्याने घेतली. बिलात चूक असेल तर व्यवस्थापकाकडे अवश्य दाद मागावी आणि तेथे न्याय न मिळाल्यास तक्रार आयोगाकडे जावे. मात्र शोषणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीचा वारसा सांगणाऱ्याने आपला राग सर्वांत दुबळ्या माणसावर काढावा, हे शोभत नाही. ग्राहक राजा असेल, तर राजधर्मही त्याच्याकडे आलाच.

रांगेत अर्धा तास गेला की ग्राहकाचे पाय दुखू लागतात. पलीकडच्या माणसाचा तर सारा दिवस उभ्याने जातो. केरळात कोझिकोडच्या दुकानांतील स्त्रियांना कामाच्या वेळी क्षणभर बसता यावे, एवढ्याच मागणीसाठी संघर्ष करावा लागला. २०१८ साली त्या राज्याने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ साली तामिळनाडूनेही तेच पाऊल उचलले. माणसाला बसू देण्यासाठी कायदा करावा लागतो, यातच समाजाने काय विसरले ते दिसून येते. महाराष्ट्रात २०१७च्या कायद्याने दुकानांना वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. ग्राहकाची सोय झाली. परंतु पाडव्याला दुकान उघडे असते, तेव्हा कुणाच्या तरी घरचे औक्षण लांबणीवर पडलेले असते.

मग सुजाण कुटुंबाने करावे तरी काय? गोष्टी अगदी साध्या आहेत. यादी घरीच करावी आणि शक्य तर खरेदी सणाच्या आठवडाभर आधी उरकावी. घरून कापडी पिशवी न्यावी. आपली पाळी येण्यापूर्वीच सुटे पैसे काढून ठेवावेत किंवा मोबाईलवरील पैसे देण्याची सोय उघडून ठेवावी. बिल होत असताना फोनवरील संभाषण थांबवावे. नकोशी झालेली वस्तू वाटेल तेथे न टाकता मूळ जागी ठेवावी किंवा काउंटरवर तसे सांगून द्यावी. मागे एखादी वृद्ध व्यक्ती अथवा एकच वस्तू घेतलेला माणूस असेल, तर रांगेतील इतरांना विचारून त्याला पुढे जाऊ द्यावे. खरेदी घरातील सर्वांची असते; म्हणून पिशव्या भरण्याचे काम मुलांकडे द्यावे. शिस्त मैदानावर शिकता येते, पण तिची परीक्षा अशा रांगेतच होते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी महाराष्ट्रात घरोघरी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते. घर स्वच्छ राखणाऱ्या साध्या साधनालाही लक्ष्मी मानून नमस्कार करणारी ही संस्कृती आहे. मग ज्या हातांतून सणाची प्रत्येक वस्तू घरी आली, त्या हातांना नमस्कार नको काय? त्यासाठी तबक लागत नाही, निरांजन लागत नाही. बिल हाती घेताना तिच्याकडे पाहून "ताई, दिवाळीच्या शुभेच्छा" एवढेच म्हणावे, आणि ते आपल्या मुलाला म्हणायला लावावे.