वेगापेक्षा वेळ मोठी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



सिन्नरची जुनी ओळख विडीची. घरोघरी बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पुढे मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत झाली, माळेगावची एमआयडीसी आली आणि लेथ, मिलिंग, सीएनसी हे शब्द गावात रुळले. आज मी त्यातल्याच एका गोष्टीवर बोलणार आहे. कवीनं यंत्रावर बोलावं याचं कुणाला नवल वाटेल. पण विषय वेळ पाळण्याचा आहे, आणि मात्रा मोजण्यात ज्याची उमर गेली त्याला तो परका नाही.

सीएनसी म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारं यंत्र. इथून तिथे, अमुक गतीनं जा, असं जी-कोड नावाच्या भाषेत लिहायचं. कंट्रोलर ते वाचतो आणि मोटरी फिरवतो. यंत्राचं लोखंड तीस-तीस वर्षं टिकतं, कंट्रोलर तितका टिकत नाही. माझ्या भाच्याच्या वर्कशॉपमधल्या जुन्या मिलिंग मशीनचं तेच झालं. कार्ड जळालं. विक्रेता म्हणाला, हा भाग आता बनत नाही, कंट्रोलरच नवा घ्या. किंमत अशी, की मशीन भंगारात घालणं परवडावं. त्या एका मशीनवर भाचा आणि दोन कामगार अशा तीन घरांच्या चुली पेटत होत्या.

भाच्यानं रास्पबेरी पाय आणला. तळहातावर मावणारा, एकाच पाटीवरचा अख्खा संगणक. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून २०१२ साली तो इंग्लंडात निघाला. त्यावर चालवायचं होतं लिनक्ससीएनसी. या सॉफ्टवेअरचं मूळ अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेत आहे. १९९० च्या दशकात तिथे काम झालं, ते सर्वांसाठी खुलं ठेवलं गेलं आणि पुढे जगभरच्या हौशी जाणकारांनी वाढवलं. त्याला पैसे पडत नाहीत.

मग अडचण काय? साधा संगणक सगळ्यांची कामं थोडी थोडी करत असतो. पडदा रंगवतो, फाइल लिहितो, मध्येच वीस मिलिसेकंद रेंगाळतो. पत्र टाइप करणाऱ्याला ते कळतही नाही. यंत्राला कळतं. हत्यार मिनिटाला १५०० मिलिमीटर सरकत असेल, तर वीस मिलिसेकंदांत ते अर्धा मिलिमीटर पुढे जातं. जिथे जॉब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे माल वाया, हत्यार मोडलेलं.

म्हणून लागतं ‘रिअल-टाइम’. याचा अर्थ फार वेगवान असा नाही. ठरलेल्या क्षणी ठरलेलं काम होणारच, एवढाच आहे. लिनक्ससीएनसी साधारणपणे सेकंदाला हजार वेळा पुढचा हुकूम देतं आणि त्यातला एकही उशिरा चालत नाही. भाचा मला म्हणाला, “मामू, सरासरी विचारू नका. सगळ्यात वाईट आकडा विचारा.” मला ते लगेच पटलं. गझलेच्या एका ओळीत एक मात्रा चुकली की ऐकणारा तिथेच अडखळतो. बाकीच्या ओळी बरोबर होत्या, ही सबब चालत नाही.

भल्याभल्यांची इथे परीक्षा झाली आहे. ४ जुलै १९९७ रोजी ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. एका किरकोळ कामानं अडवून ठेवलेली गोष्ट महत्त्वाच्या कामाला हवी होती आणि मधल्या कामांनी त्या किरकोळ कामाला पुढे सरकूच दिलं नव्हतं. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली तेव्हा यान ताळ्यावर आलं. लिनक्समध्ये वेळेची ही शिस्त आणायला सुमारे वीस वर्षं लागली. २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत ते काम मूळ गाभ्यात दाखल झालं.

भाच्याची रीत सांगतो. आधी रिअल-टाइम गाभा असलेलं लिनक्ससीएनसी मेमरी कार्डावर चढवलं. मग उशिराची चाचणी लावली आणि ती चालू असताना मुद्दाम संगणकाला छळलं: खिडक्या हलवल्या, मोठ्या फाइली उतरवल्या, व्हिडिओ लावला. रात्रभरातला सर्वांत वाईट उशीर वहीत लिहिला. मोटरींचे बारीक ठोके देण्याचं काम पायवर न टाकता वेगळ्या कार्डाकडे सोपवलं. पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात आणि कारखान्यातल्या स्विचांचे सिग्नल २४ व्होल्टचे, म्हणून मध्ये वेगळं करणारी पाटी बसवली. लाइट गेली की मेमरी कार्ड बिघडू शकतं, त्यासाठी यूपीएस ठेवला. हत्यार न लावता मशीन दोन दिवस हवेत चालवलं.

आणि लाल बटण? ते त्यानं सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडलं नाही. दाबलं की मोटरींची वीज तारेतूनच तुटते, संगणक जागा असो वा झोपलेला. कामगाराचा हात मशीनखाली असतो तेव्हा प्रोग्रॅम बरोबर असेल, एवढ्यावर भागत नाही.

आज मशीन चालतंय. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. आता मशीन बंद पडलं, तर ते का बंद पडलं हे शोधता येणारा माणूस सिन्नरमध्येच आहे. तारा कुठून कुठे जातात, कोणता आकडा कशासाठी, हे सगळं त्या वहीत आहे आणि दोन्ही कामगार ती वाचू शकतात.

तेव्हा ज्यांच्याकडे असं मशीन धूळ खात पडलंय, त्यांना एवढंच सांगणं आहे: भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याचे स्क्रू, मार्ग आणि मोटरी तपासून घ्या. त्या धड असतील, तर आयटीआय झालेल्या एखाद्या पोराला सोबत घेऊन बसा. घाई मात्र करू नका.