आपली वही, आपला हिशेब

जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि काळ्या गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिथले काळे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिलं. याच डुबॉइस यांच्या विचारांनी आफ्रिकेतल्या पुढाऱ्यांना बळ दिलं. १९५७ ला घाना स्वतंत्र झाला.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवरून आजही कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. वेठबिगारीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, पण हिशेब मालकाच्याच वहीत. म्हणून आम्ही गटात ठरवलंय: भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक बाईची स्वतःची वही. उचल, खर्ची, पाडलेल्या विटा रोज लिहायच्या. जिला लिहिता येत नाही, तिला शेजारणीने लिहून द्यायचं. दिवाळीआधी वह्या घेऊन बैठकीला या.