जुनी मोटार आणि तिचे वाटेकरी



घरांतील जुन्या वस्तूंचे साधारणतः तीन प्रकार पडतात. कांहीं वस्तु आपण वापरतों, कांहीं नुसत्या जपतों आणि कांहीं माळ्यावर टाकून विसरून जातों. जुनी अमेरिकन मोटार ही मात्र अशी चमत्कारिक वस्तु आहे कीं, तिच्यासाठीं एकाच घरांतील तीन भाऊ तीन वेगळे मार्ग सुचवितात. एक म्हणतो, चालवूं या. दुसरा म्हणतो, जपून ठेवूं या. तिसरा म्हणतो, भंगारवाल्यास देऊं या. ज्या सहा सिलिंडरांच्या गाड्यांवरून हा वाद होतो त्यांच्याविषयीं, आणि या वादांत न्याय कोठें आहे याविषयीं, आज आपल्याशीं बोलावयाचें आहे.

प्रथम या गाड्या आपल्याकडे आल्या कशा तें पाहूं. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें सुटे भाग जोडून मोटारी उभ्या करण्याचा कारखाना काढला. त्याच सुमारास, १९२९ च्या नमुन्यांत, शेव्हरोलेटनें चार सिलिंडरांचें एंजिन सोडून सहा सिलिंडरांचें घेतलें, आणि किंमत मात्र चार सिलिंडरांच्या गाडीच्या आसपास ठेवली. पुढें १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ, डॉज आणि डिसोटो या गाड्या जोडल्या जाऊं लागल्या.

सहा सिलिंडरांत एवढें विशेष तें काय, असें कोणी विचारील. चार भोयांची पालखी आणि सहा भोयांची पालखी यांत जो फरक, तोच येथें आहे. चार सिलिंडरांच्या एंजिनांत दांड्याच्या एका फेऱ्यांत दोन धक्के मिळतात. सहांच्या एंजिनांत तीन. शिवाय सहा दट्ट्यांची वर-खालीं होणारी हालचाल एकमेकांस तोलून धरते, त्यामुळें यंत्र थरथरत नाहीं. चढावर वेग मंदावला तरी वरच्या गिअरमध्यें गाडी कुरकूर न करतां ओढते. कर्नाळ्याच्या खिंडींतून ज्यांनीं अशी गाडी नेली आहे त्यांना हें समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

आपल्या जिल्ह्यास तेव्हां कुलाबा म्हणत. रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. त्या काळीं मुंबईहून येणारा उतारू बोटीनें धरमतरास उतरे आणि तेथून मोटारीनें पेण, नागोठणें, महाड अशा गांवीं जाई. सरकारी एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर धांवली; तोंपर्यंत, आणि नंतरहि कांहीं काळ, रस्त्यांवर खाजगी मालकांचेंच राज्य होतें. त्यांच्या पुष्कळशा गाड्या म्हणजे परदेशी लॉरीचा सांगाडा आणि त्यावर येथल्या सुतारांनीं चढविलेला लांकडी टप. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मोजून मिळूं लागलें, तेव्हां याच गाड्यांच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या बसविण्यांत आल्या आणि त्या गॅसवर एंजिनें चाललीं. सांगण्याचा मुद्दा असा कीं, परदेशी मोटारींत आपल्या गरजेप्रमाणें फेरफार करणें हें आजकालच्या हौशी तरुणांनीं काढलेलें खूळ नाहीं. गाडी जितकी जुनी, तितकीच ही रीतहि जुनी आहे.

या रीतीस खरा जोर आला तो १९५३ नंतर. त्या वर्षीं जकात मंडळानें, म्हणजे टॅरिफ कमिशननें, असा अहवाल दिला कीं, केवळ जोडणी करणाऱ्या नव्हे तर या देशांत मोटारी घडविण्याची योजना असणाऱ्या कंपन्यांनाच वाव असावा. १९५४ सालीं जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनीं येथील जोडणी बंद केली. त्या वेळीं देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचें घराणें रोह्याचें. धोरण देशाच्या हिताचें होतें यांत शंका नाहीं. पण ज्याच्या दारांत शेव्हरोलेट उभी होती त्यास सुटा भाग मिळेना, हेंहि तितकेंच खरें. मग एक तर दुसऱ्याची गाडी मोडून भाग घ्यावयाचा, किंवा मिस्त्रीकडून लेथवर तो घडवून घ्यावयाचा, किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याशीं स्नेह ठेवावयाचा. या गाड्यांच्या मालकांत जो बंधुभाव दिसतो त्याचा उगम असा टंचाईंत आहे.

हा विनिमय करतांना नांवावर भुलून चालत नाहीं. क्रायस्लर कंपनीच्या चारहि गाड्यांचीं सहा सिलिंडरांचीं एंजिनें बाहेरून सख्ख्या बहिणींसारखीं दिसतात. पण अमेरिकेंत बनलेल्या प्लिमथ व डॉज यांच्या एंजिनाचें डोकें तेवीस इंच लांब असतें, तर डिसोटो व क्रायस्लर यांचें पंचवीस इंच. त्यांतहि गंमत अशी कीं, कॅनडांतील कारखान्यानें पुढें प्लिमथ आणि डॉज यांनाहि पंचवीस इंची एंजिनच दिलें. तेव्हां दूरच्या गांवाहून भाग मागविण्यापूर्वीं फूटपट्टी लावून पाहावी, हा पहिला नियम. पेणेस गणपतीचे साचे करणाऱ्या कोणाहि कारागिरास हें ठाऊक आहे: मूर्ति एकसारखी दिसली म्हणून साचा एकच असतो असें नाहीं.

दुसरी गोष्ट वंगणाची. १९३७ पासून पुढें बरींच वर्षें शेव्हरोलेटच्या गाडीस साडेतीन लिटरचें जें एंजिन येई, त्याच्या दांड्यांच्या बेअरिंगांना तेल दाबानें न मिळतां मुख्यतः शिंतोड्यांनीं मिळे. बेअरिंगहि ओतीव बॅबिट धातूचीं. त्या काळच्या रस्त्यांना व वेगाला ही योजना पुरेशी होती. आजच्या रुंद महामार्गावर तीच गाडी तासभर भरधांव पळविली तर तेल पुरत नाहीं आणि बॅबिट वितळतें. प्लिमथच्या एंजिनांत तेल दाबानें खेळविलेलें असल्यामुळें तें अधिक सोसतें. तिसरी गोष्ट विजेची. या गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टची. शेव्हरोलेट १९५५ सालीं आणि प्लिमथ १९५६ सालीं बारा व्होल्टवर आली. त्यांतहि जुन्या प्लिमथच्या सांगाड्यास बॅटरीचें धन टोंक जोडलेलें असतें, शेव्हरोलेटच्या सांगाड्यास ऋण. ही उलटापालट ध्यानांत न ठेवणाऱ्या हातानें तारा जळतात.

सर्वांत मोठा फेरफार म्हणजे डिझेल एंजिन. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीनें पर्किन्स जातीचीं डिझेल एंजिनें येथें बनविण्यास आरंभ केल्यावर पेट्रोलचा खर्च न परवडणाऱ्या भाड्याच्या मोटारींनीं तीं घेतलीं. परंतु हा पालट दिसतो तितका सोपा नव्हे. प्लिमथच्या मूळ एंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सुमारें साडेसहा पटींनीं दाबलें जातें; डिझेलमध्यें हवा पंधरा पटींहूनहि अधिक. धक्का त्या मानानें जोराचा, वजन अधिक, आणि फेरे मात्र कमी. म्हणून सांगाड्यास पट्ट्या माराव्या लागतात, पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात आणि मागच्या आंसाचें प्रमाणहि पाहावें लागतें. एवढें करून गाडी चालते. पण ती सहा भोयांची पालखी राहत नाहीं.

याच प्रकारचा संसार क्युबा बेटावर देशभर चाललेला दिसतो. तेथें १९५९ मध्यें क्रांति झाली, पाठोपाठ अमेरिकेनें व्यापार तोडला, आणि आधीं आलेल्या अमेरिकन गाड्या तेवढ्या मागें राहिल्या. तेथील लोकांनीं त्यांत रशियन एंजिनें बसविलीं आणि अनोळखी उतारूंनीं मिळून भाडें द्यावयाच्या टॅक्सी म्हणून त्या चालविल्या. त्या लोकांची करामत वाखाणण्यासारखी आहे. परंतु बाहेरून शेव्हरोलेट आणि आंतून भलतेंच कांहीं, अशा गाडीस काय म्हणावें हा प्रश्न तेथेंहि सुटलेला नाहीं.

आतां माझ्या पाहण्यांतील एक हकीकत सांगतों. रोह्यास एका घरीं १९४८ सालची प्लिमथ आहे. आजोबांनीं घेतलेली, आज ती तीन भावांच्या वांट्यास आलेली. सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं तिचें मूळ एंजिन काढून डिझेल बसविलें आणि जुनें एंजिन विकलें. तें फिरत फिरत पेणजवळ एका भाताच्या गिरणीवर पट्टा ओढूं लागलें. गिरणी विजेवर गेली तेव्हां एंजिन कोपऱ्यांत पडलें. गिरणीच्या मालकाकडेहि त्याच सुमाराची एक डॉज आहे, आणि तिच्यासाठीं डोकें, झडपा, पाण्याचा पंप या एंजिनांतून काढून घ्यावयाचा त्याचा बेत होता.

तें काम ज्या मिस्त्रीकडे आलें तो माझा जुना विद्यार्थी. या एंजिनाचा क्रमांक डाव्या अंगास, जनित्राच्या वर, ठोकलेला असतो. काजळी पुसून त्यानें तो वाचला आणि मला विचारलें, “गुरुजी, रोह्याच्या त्या गाडीचें जुनें नोंदणीपुस्तक तुम्ही पाहिलेलें आहे ना? त्यांत मूळ एंजिनाचा नंबर असेल का?” पुस्तक काढविलें. मूळ क्रमांकावर रेघ मारलेली होती, पण अंक वाचतां येत होते. दोन्ही क्रमांक एकच निघाले.

येथें खरा पेंच पडला. गिरणीच्या मालकानें एंजिन रीतसर विकत घेतलेलें. तें मोडलें तर त्याची डॉज उभी राहणार. न मोडलें तर रोह्याच्या गाडीस तिचें हृदय परत मिळणार, पण डॉज तशीच पडून राहणार. थोरला भाऊ त्याच्याकडे जाऊन म्हणाला, “काका, तुम्ही सांगाल ती किंमत देतों.” मालक म्हातारे, बोलण्यास तोडून. ते म्हणाले, “किंमत राहूं दे. नंबर ज्याच्या पुस्तकांत, एंजिन त्याचें. पण माझ्या गाडीचें काय, तें तुम्ही तिघांनीं ठरवून या.” तिघांनीं ठरविलें. डोकें व पंप पेणेस ठेवले, कारण ते कोणत्याहि तेवीस इंची एंजिनाचे चालतात. बाकीचें क्रमांकासह रोह्यास आलें. रोह्याच्या घरीं पडून असलेली एक गिअर-पेटी पेणेस गेली. आणि जो भाऊ गाडी भंगारांत द्या म्हणत होता, त्यानेंच टेंपोचें भाडें दिलें. एंजिन अद्याप बांधून व्हावयाचें आहे.

ही केवळ भावनेची बाब नाहीं. कायद्यानेंहि तिला महत्त्व आलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणीचा तपशील वेगळा पडेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. इंधन बदलण्यापुरती विहित अटींवर सवलत आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा कडक अर्थ लावला. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, धंद्यासाठीं न वापरलेली, आणि सांगाडा, टप व एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये व फेरनोंदणीस पांच हजार रुपये शुल्क ठरलें. अशी गाडी रोजच्या वापरास नेतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणें एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते. म्हणजे चालवूं म्हणणारा भाऊ आणि जपूं म्हणणारा भाऊ यांच्या वाटा कायद्यानेंच वेगळ्या केल्या आहेत. कोणती धरावयाची तें आधीं ठरवावें लागतें.

म्हणून माझें मत असें आहे. फेरफार दोन जातीचे मानावे. जो उद्यां उलटवितां येतो तो निर्दोष. बारा व्होल्टचे दिवे, चांगलें ब्रेकचें अस्तर, चार महिन्यांच्या पावसांत व धरमतरच्या खाऱ्या वाऱ्यांत गंज धरूं नये म्हणून पोटाखालीं दिलेला लेप, यांनीं गाडीचें कांहीं जात नाहीं. जो कापल्याशिवाय किंवा विकल्याशिवाय होत नाहीं, तो करण्यापूर्वीं घरांतील सर्व वाटेकऱ्यांस विचारावें, कारण त्यांत पुढच्या पिढीचाहि वांटा आहे. काढलेला भाग, कितीहि निकामी दिसला तरी, चिठ्ठी बांधून ठेवावा. तो आपल्या गाडीच्या कामास आला नाहीं तरी वीस मैलांवरील दुसऱ्याच्या येईल. आणि एक वही ठेवावी. कोणत्या तारखेस काय बदललें, कोणत्या मिस्त्रीनें बदललें, भाग कोठून आला, हें तींत लिहावें. हें ज्ञान आज जुन्या मिस्त्र्यांच्या बोटांत आहे, आणि बोटांतील ज्ञान कोणी उतरून घेतलें नाहीं तर तें बोटांबरोबरच जातें.

आपल्यापैकीं कोणाच्या वाड्यांत, ताडपत्रीखालीं, अशी एखादी गाडी उभी असेल. तिला विकण्याचा किंवा तिच्यांत कांहीं नवें बसविण्याचा विचार मनांत आला असेल, तर आधीं कपाटांतील जुनें नोंदणीपुस्तक शोधावें, ओलें फडकें घेऊन एंजिनावरील क्रमांक पुसावा, आणि दोन्ही ताडून पाहावे. जुळले तर तें एंजिन हलवूं नये. न जुळले तर आसपासच्या गांवांतील गिरण्या, बागा आणि पंपघरें यांत चौकशी करावी.