यंत्राची मर्यादा आणि नादाचे रूप

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात दर नव्या यंत्राने नवा नाद आणला, हे सर्वमान्य आहे. परंतु त्या नादाचे रूप यंत्राला काय साधत होते याइतकेच त्याला काय साधत नव्हते यावरही ठरले, हे मुंबईत घडलेल्या दोन ध्वनिमुद्रणांवरून स्पष्ट होते.

पहिले १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटाचे. हेमंतकुमार यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली कल्याणजी यांनी क्लॅव्हायोलिनवर पुंगीचा आभास निर्माण केला. काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघत असे; जोडीला रवी यांचे हार्मोनियम होते. तरीही त्या एकसुरी, किंचित अनुनासिक नादाने प्रेक्षकांच्या कानांत पुंगीचीच जागा घेतली.

पुढे रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये विद्युतदाबाने स्वराची उंची आणि पोत बदलणारा सिंथेसायझर घडवला, केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात तो रुजवला, आणि १९८० च्या सुमारास जपानच्या रोलँड कंपनीची यंत्रे बाजारात आली. त्यांपैकी टीआर-८०८ तालासाठी, आठ स्वर एकत्र वाजवणारे ज्युपिटर-८ सुरावटीसाठी, तर टीबी-३०३ हे एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेले होते. टीबी-३०३ मध्ये आधी भरून ठेवलेली छोटी स्वरावली अखंड फिरत राहते आणि फिल्टर, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येवरचे स्वरांश कापणारा भाग, तिचा रंग पालटतो. बास गिटारचा हुबेहूब नाद न साधल्याने त्याचे उत्पादन काही वर्षांतच थांबले.

दुसरे ध्वनिमुद्रण मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांचे. त्यांनी १९८२ मध्ये हीच तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या तालावर वाजवले आणि त्यांची तबकडी निघाली. पाश्चात्त्य गाण्यात साथीचे स्वरसमूह सतत बदलतात, रागात षड्ज अढळ राहतो. म्हणून फिरत राहणारी स्वरावली रागाला सहज मानवली आणि स्वरावरून स्वरावर सरकण्याची सोय मींडेच्या जवळ गेली. शिकागोत १९८७ मध्ये फ्यूचर या गटाने टीबी-३०३ वरच ‘ॲसिड हाऊस’ या नृत्यसंगीताचा पाया घातला. या गटाने मुंबईची तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही; दोन्हीकडे यंत्र एक होते, ते वापरण्याचा हेतू मात्र वेगळा होता. सिंग यांच्या तबकडीची जगाने खरी दखल घेतली ती २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर.

नागपूर परिसरातल्या वरातीत आणि ऑर्केस्ट्रात ऐकू येणारे ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य याच वाटेवरचे आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये जोडणारी मिडी ही सामाईक संकेतपद्धती १९८३ मध्ये आली, १९८५ मध्ये आठ पट्ट्यांचा पहिला ऑक्टोपॅड निघाला, आणि पुढे एकेका पट्टीत मुद्रित ठोके साठवले गेले. ढोलकीच्या धुमावर, म्हणजे खर्जाच्या तोंडावर, तळहात दाबून काढलेला घुमारा प्रत्येक आघाताला निराळा असतो, साठवलेला ठोका दर वेळी तोच. म्हणूनच ऑक्टोपॅडचा ठेका सुटा, टोकदार झाला आणि तीच त्याची ओळख ठरली.

आज संगणकाने जवळजवळ सर्व मर्यादा पुसल्या असल्यामुळे स्वतःची मर्यादा आखून घेण्याची जबाबदारी संगीतकारावर आली आहे. त्यासाठी पूर्वसुरींनी अपुऱ्या साधनांतून काय साधले, हे कानांनी तपासावे लागते. म्हणून नागपूर परिसरातील संगीतसंस्थांनी आणि वादकांनी जुने कीबोर्ड व ऑक्टोपॅड भंगारात देण्यापूर्वी त्यांचे नाद आणि ते वाजवणाऱ्यांच्या आठवणी मुद्रित करून ठेवाव्यात.