पाळी गेल्यानंतरची कोरड

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाला ‘प्रौढ स्त्रीचे आरोग्य’ असा प्रशस्त मथळा दिलेला आहे, आणि त्याखाली हाडांचा ठिसूळपणा, रक्तदाब, वाढते वजन असे पुष्कळ काही बसू शकेल. परंतु त्यांवर बोलणारी माणसेही पुष्कळ असल्यामुळे मला मिळालेली मुदत मी एकाच तक्रारीसाठी खर्च करणार आहे. ती तक्रार म्हणजे रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाला येणारी कोरड आणि तिच्यापायी पतिपत्नींच्या शरीरसंबंधांत शिरणारी वेदना. रेडिओजवळ मुली-सुना बसल्या असतील तर त्यांना आत पाठवू नये. त्यांना हे पुढेमागे उपयोगीच पडणार आहे.

पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने पातळ भिजते, झोप उडते, हे आता घरोघर ठाऊक आहे. आणि हा त्रास काही वर्षे छळून बहुतेकींच्या बाबतीत हळूहळू ओसरतो. त्यामुळे कोरडही तशीच ओसरेल, चार वर्षे सोसावे म्हणजे झाले, असा एक गैरसमज रूढ झाला आहे. कोरड ओसरत नाही. अंडाशयातून मिळणारे इस्ट्रोजेन थांबले की योनीचे अस्तर पातळ होत जाते, त्याची लवचीकता आणि ओलावा कमी होतो, आणि उपाय न केल्यास वर्षागणिक हा त्रास वाढतच जाण्याचा संभव असतो. एवढे एक वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवले तरी माझे काम निम्मे झाले असे मी समजेन.

ज्यांचे बालपण मातीच्या घरात गेले त्यांना सारवणाची गोष्ट सांगायला नको. आठवड्याला सारवली जाणारी जमीन मऊ, गार आणि अभंग राहते. तिच्यावर पाट मांडा, मूल रांगू द्या, तिला काही होत नाही. सारवण थांबले की प्रथम पोपडे निघतात, मग भेगा पडतात, आणि भेगांतून मुंग्या वर येतात. इस्ट्रोजेन हे या अस्तराचे सारवण होय. ते असते तोवर अस्तरातल्या पेशींत ग्लायकोजेन साठते, त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जंतू पोसतात आणि तेथील आम्लता टिकवून उपद्रवी जंतूंना थारा देत नाहीत. इस्ट्रोजेन संपले की आम्लता उतरते, उपद्रवी जंतूंना वाट मिळते, आणि लघवीची जळजळ पुनःपुन्हा सुरू होते. राझ आणि स्टॅम या संशोधकांनी १९९३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांना योनिमार्गात लावायचे एस्ट्रिऑलचे, म्हणजे एका प्रकारच्या इस्ट्रोजेनचे, क्रीम दिले, त्यांच्यात वर्षाकाठी सरासरी ०.५ संसर्ग झाले. नुसते निरौषध क्रीम मिळालेल्यांत ५.९ झाले. असे असताना आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बाईच्या पिशवीत निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्यांचा जुडगा असतो आणि ‘खाली कोरडे वाटते का?’ हा प्रश्न तिला कोणीही विचारलेला नसतो, याला काय म्हणावे?

विचारले नाही तर ती सांगत नाही. ती कंबर दुखते म्हणते, थकवा येतो म्हणते, आणि रक्तदाब मोजून झाल्यावर पदराचे टोक बोटाला गुंडाळीत, खालच्या मानेने, आपण चातुर्मास धरल्याचे सांगते. चातुर्मास संपला तरी तिचे अंथरूण स्वयंपाकघरातच असते. नवऱ्याला वाटते बाई देवभोळी झाली, सासूला कौतुक वाटते, आणि तिच्या एकादश्यांची संख्या वाढत जाते. संबंधाच्या वेळी आत काचेने खरवडल्यासारखे होते, दुसऱ्या दिवशी लघवीला बसवत नाही, कधी रक्ताचा डाग दिसतो, एवढी कैफियत त्या उपासांमागे दडलेली असते. व्रतवैकल्यांविषयी मला पूर्ण आदर आहे; परंतु वेदनेला व्रताचा पोशाख चढवून तिचा बिनबोभाट निकाल लावणे मला मुळीच मंजूर नाही.

आता भीतीविषयी. हॉर्मोन हा शब्द उच्चारताच सुशिक्षित स्त्रिया ‘कर्करोग’ म्हणून हात झटकतात. या भीतीचे मूळ अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीत आहे. तिच्यातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या जोड-गोळ्यांचा भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबविण्यात आला, कारण गोळ्या घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत दरवर्षी ३८ जणींना स्तनाचा कर्करोग झाला, तर न घेणाऱ्यांत ३० जणींना. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. हा धोका खरा आहे आणि तो नाकारण्यासाठी मी येथे आलेली नाही. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, पाळी जाऊन त्यांच्यापैकी बहुतेकींना बरीच वर्षे लोटली होती, आणि ते औषध पोटातून साऱ्या अंगात जाणारे होते. आमच्या ओसरीला पोपडे आले म्हणून साऱ्या गावावर पाऊस पाडण्याचे कारण नसते. एका घमेल्यातले सारवण पुरते. योनिमार्गात लावायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन-क्रीम किंवा तेथेच ठेवायची दहा मायक्रोग्रॅम इस्ट्राडिऑलची गोळी हे ते घमेले होय. त्यातून रक्तात उतरणारे प्रमाण इतके अल्प की रक्तातली पातळी पाळी गेलेल्या स्त्रीच्या नेहमीच्या मर्यादेतच राहते. तरीही अमेरिकेत पोटात घ्यावयाच्या त्या जोड-गोळ्यांसाठीचा इशारा या क्रीमच्या वेष्टनावरही काळ्या चौकटीत छापला जात राहिला. ती चौकट हटविण्याचा निर्णय तेथील औषध-प्रशासनाने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केला. मधल्या वीसहून अधिक वर्षांत किती जणींनी ती चौकट वाचून डबी तशीच ठेवून दिली असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे तिने मात्र कर्करोगतज्ज्ञांशी विचारविनिमय केल्यावाचून हेही वापरू नये.

साऱ्या अंगासाठीच्या उपचाराचीही मी सरसकट बदनामी करीत नाही. वाफांनी हैराण झालेल्या, साठीच्या आतील आणि पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला तो लाभदायक ठरतो. गर्भाशय शाबूत असेल तर मात्र इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवेच. पण एक वर्ग असा आहे की ज्याला याची निकड सर्वांत जास्त आणि खबर सर्वांत कमी. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा झाला तर मुकादम दंड कापतो आणि नवराबायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून ऐन उमेदीत पिशवी काढून घेतलेल्या बायका यांत पुष्कळ. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली असतील तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी थांबते, आणि पस्तिशीच्या बाईच्या वाट्याला पन्नाशीची कोरड येते, हाडेही लवकर झिजू लागतात. अशा स्त्रीला, दुसरे काही प्रतिकूल कारण नसल्यास, निदान पाळी जाण्याच्या स्वाभाविक वयापर्यंत साऱ्या अंगात जाणारे इस्ट्रोजेन द्यावे, असा वैद्यकाचा सर्वमान्य सल्ला आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याने तो तिला सांगितला होता का, याची खातरजमा कोणी करावयाची? यावर मला आणखी पुष्कळ बोलायचे होते, पण घड्याळ परवानगी देत नाही.

तेव्हा उपचाराकडे येते. साबणाने आणि जंतुनाशकाने घासून धुणे आजपासून बंद. अस्वच्छतेने कोरड येत नाही, पण या धुण्याने वाढते मात्र. क्रीम बहुधा प्रथम दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा लावावयाचे असते, आणि बरे वाटल्यावर सोडले तर काही काळाने पोपडे पुन्हा येतात, कारण एकदा सारवलेली जमीन कायमची सारवलेली राहत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून डबी फेकू नये. आणि संबंधाच्या ऐन वेळी वंगण म्हणून ते वापरू नये. त्यासाठी निराळे जेल दुकानात मिळते. बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर ‘कोरड आहे, संबंधाच्या वेळी दुखते’ एवढे लिहून डॉक्टरांपुढे सरकवावे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून पुढे त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. आज चिठ्ठी लिहिणारीवर कोणी खटला भरत नाही, एवढे तरी आपण साधले आहे.

इच्छाच मंदावली असेल तर काय, असे कोणी विचारील. २०१९ साली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थांनी काढलेल्या एकमताच्या निवेदनाने रजोनिवृत्त स्त्रीला फक्त या एकाच कारणासाठी अल्प मात्रेत टेस्टोस्टेरॉन देण्यास संमती दिली आहे. परंतु दुखते म्हणून इच्छा गेली की इच्छा गेली म्हणून दुखते, याचा निवाडा त्याआधी व्हायला हवा, आणि तो करावयाचा तर पुन्हा कोरडीपाशीच यावे लागते, कारण ती आपोआप... काचेपलीकडून खूण झाली आहे. एकच सूचना देते. पाळी जाऊन बारा महिने लोटल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो कोरडीचा असेल असे स्वतःच ठरवून क्रीम लावीत बसू नये. आधी तपासून घ्यावे.